कच्चे टाके

छाती बेचाळीस. खांदे अठरा.
डोक्याचा घेर साडेतेवीस, टोपी मखमली, गोंडा सोनेरी.
मी आकडे लिहून घेते. प्रोफेसर थेलवॉल हात पसरून उभे,
आरशात स्वतःकडे न बघण्याइतके सभ्य.
त्यांनी मला ओळखलं नाही.
ओळखतील कशाला? दोन वर्षांत मी त्यांच्यासमोर
एकूण चार वेळा बसले, आणि चारही वेळा
मागे रेडिएटर खडखडत होता.

नॉरिचच्या या गल्लीत पदवीचे झगे शिवतात.
जवळच स्ट्रेंजर्स हॉल आहे. परक्यांचं घर.
साडेचारशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून विणकर आले,
शहरानेच बोलावलं होतं त्यांना.
येताना त्यांनी हातातली विद्या आणली
आणि म्हणतात, पिंजऱ्यातून पिवळे पक्षी.
शहर गबर झालं. पक्षी फुटबॉलच्या शर्टावर जाऊन बसला.
शाळेच्या सहली येतात, मुलं वहीत उतरवून घेतात.

जुलैत थेलवॉल यांना मानद डॉक्टरेट.
पत्रकात म्हटलंय: विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या घडवल्या.

शनिवारी मिसेस गूच किल्ली ठेवून गेल्या,
"दिवे मालव म्हणजे झालं," एवढंच बोलल्या.
कापायच्या टेबलावर आम्ही आपापली पत्रं पसरली:
चिदिन्मा, फरझाना, गोदामातली पाळी संपवून आलेला बोहदान, मी,
आणि लीड्सहून टपालाने आलेलं एक.
"मेहनती आहे, पण संशोधनाचा पिंड नाही."
माझ्या पत्रात हे. फरझानाच्याही.
स्वल्पविराम त्याच जागी.
बोहदानच्या पत्रात तिसऱ्या ओळीत 'ती' राहून गेलेली.
तो म्हणाला, ही 'ती' कोण?
चिदिन्मा हळूच म्हणाली, मी.
आम्ही हसलो. इतके हसलो की टाचण्यांची डबी सांडली,
मग बराच वेळ चौघंही जमिनीवर, एकच लोहचुंबक फिरवत.

पाच वर्षांपूर्वी या वाक्याबरोबर मी एकटी होते.
मागोमाग दुसरं पत्र: साठ दिवसांत देश सोडा.
मेहकरला अण्णांना फोनवर सांगितलं, थीसिस जरा लांबलाय.
ते गेले तेव्हाही तो लांबलेलाच होता.

चौकशी झाली होती. "हेतू सिद्ध होत नाही."
नसेल होत. हेतू मापायची टेप माझ्याकडेही नाही.
माणूस थकलाय आता, म्हणतात काहीजण, पुस्तकं मोलाची आहेत.
आहेत. माझ्या फळीवर दोन,
समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा, अजून पुसवत नाहीत.
आम्हाला त्यांची पेन्शन नको, माफीसुद्धा मागितलेली नाही,
फक्त हे लाल कापड
आम्हाला घडवल्याबद्दल त्यांच्या खांद्यावर घालू नका,
इतकंच लिहिलंय अर्जात.
फरझानाने दोनदा बसून विशेषणं काढून टाकली.

मग सह्या.
त्या खोलीत मी 'मिस डी' होते, आडनाव फार लांब पडतं म्हणाले होते.
कमळजा तुकाराम ढवळशंख:
मी देवनागरीत लिहिलं, दोन्ही ळ पोटभर गोल,
रकाना संपला तरी नाव संपेना,
शेवटचा ख बोहदानच्या जागेत गेला.
त्याने आपली सही खाली सरकवली.

झगा मी नीटच शिवतेय.
बाह्यांना दुहेरी टीप, खांद्यावरच्या चुण्या मोजून.
हातातल्या कापडावर राग काढू नये.
समारंभ सोळाला, गुरुवारी.
कुलसचिवांचं उत्तर अजून नाही.
हुडाचं अस्तर तेवढं
कच्च्या टाक्यांवर ठेवलंय.